डब्ल्यूआर ३६० सी १४: एका युद्धकालीन डिझेल शंटरच्या दुरुस्तीच्या नोंदी

१३ जानेवारी २०२४

अकरा वर्षे साइडिंगवर ताडपत्रीखाली उभे असलेले इंजिन आज दुपारी शेडमध्ये आले. दुसऱ्या शंटरने, म्हणजे यार्डात वाघिणी हलवणाऱ्या छोट्या इंजिनाने, ते ढकलत आणले. चाकांना एकमेकांशी जोडणारे दांडे, म्हणजे साइड रॉड, आम्ही गेल्या आठवड्यातच काढून ठेवले होते, कारण त्यांना फिरवणाऱ्या आडव्या शाफ्टच्या, म्हणजे जॅकशाफ्टच्या, बेअरिंगमध्ये पाणी शिरल्याची शंका होती आणि तशा अवस्थेत चाकांबरोबर शाफ्टही फिरवत आणणे परवडणारे नव्हते. पहिले दोन मीटर चाके फिरलीच नाहीत, रुळावरून नुसती घसरली. ब्रेकचे ठोकळे गंजून चाकांना चिकटले होते. पहारीने एकेक ठोकळा सोडवल्यावर इंजिन हलले.

इंजिनाची ओळख एकदाच करून देतो. डब्ल्यूआर ३६० सी १४ हे नाव कमी आणि वर्णन जास्त आहे. डब्ल्यू म्हणजे वेरमाख्ट, अर्थात १९३५ ते १९४५ या काळातले जर्मन सैन्यदल. आर म्हणजे १४३५ मिलिमीटरचा प्रमाण गेज. ३६० ही अश्वशक्ती. सी म्हणजे एकमेकांना जोडलेले तीन आस. आणि १४ हा एका आसावर येणारा भार, टनांत. चौदा त्रिक बेचाळीस, आणि इंजिनाचे वजनही साधारण ४२ टनच आहे. लांब नाकाडाखाली सहा सिलिंडरची डिझेल मोटर, मागे चालकाची खोली, मोटरपासून जॅकशाफ्टपर्यंत फॉइथ कंपनीची द्रवचालित यंत्रणा आणि तिथून पुढे वाफेच्या इंजिनासारखे साइड रॉड, अशी ही रचना आहे. या वर्गाच्या काही इंजिनांत कोलोनच्या डॉइट्स कारखान्याची मोटर होती. आमच्या इंजिनात मानहाइमच्या एमडब्ल्यूएमची आहे. पूर्ण वेगात ती मिनिटाला ६०० फेरे घेते, म्हणजे आजच्या मोटारगाडीचे इंजिन उभ्या जागी जेवढ्या फेऱ्यांवर चालते त्याहूनही कमी.

३ फेब्रुवारी २०२४

काम थोडे झाले. नाकाडाची झाकणे उतरवली, त्यांना क्रमांक घातले आणि उंदरांची तीन घरटी काढली. थंडी इतकी होती की पाना हाताला चिकटत होता, त्यामुळे दुपारनंतर शेगडीजवळ बसून जुने आराखडे चाळले. सैन्याने डिझेलचा आग्रह का धरला, हा प्रश्न आमच्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक पाहुणा विचारतो, म्हणून त्याचे उत्तर इथे सविस्तर लिहितो.

वाफेचे इंजिन दिवसा धुराने आणि रात्री भट्टीच्या उजेडाने आपला पत्ता सांगते. दारूगोळ्याच्या कोठारात, विमानतळावरच्या इंधनाच्या टाक्यांजवळ किंवा दूर पल्ल्याच्या तोफांच्या मागे असे इंजिन नेणे म्हणजे शत्रूच्या विमानाला बोट दाखवण्यासारखे होते. शिवाय धुराड्यातून उडणाऱ्या ठिणग्यांची भीती वेगळीच. दुसरी गोष्ट वेळेची. थंड बॉयलरमध्ये वाफ धरायला काही तास लागतात, आणि काम असो वा नसो, भट्टी पेटती ठेवावी लागते. डिझेल शंटर काही मिनिटांत तयार होतो, काम नसेल तेव्हा बंद राहतो, आणि त्याला पाण्याचा नळ किंवा कोळशाचा ढीग लागत नाही. म्हणूनच १९३०च्या दशकाच्या मध्यापासून सैन्याने २००, ३६० आणि ५५० अश्वशक्तीच्या शंटरांचे ठरावीक नमुने बनवून घेतले. भूदल, हवाई दल आणि नौदल या तिघांनीही ते वापरले. त्यांतला ३६० अश्वशक्तीचा नमुना सर्वांत उपयोगी ठरला आणि तोच २००हून अधिक संख्येने बनला.

या कौतुकाला एक मर्यादा आहे आणि ती सांगायलाच हवी. जर्मनीकडे कोळसा भरपूर होता, खनिज तेल नव्हते. १२ मे १९४४ पासून अमेरिकन बॉम्बर विमानांनी लॉयनासारख्या कृत्रिम इंधनाच्या कारखान्यांवर हल्ले सुरू केल्यावर तर डिझेलचा थेंबन् थेंब मोलाचा झाला. त्यामुळे युद्धाचा खरा भार वाहिला तो ५२ क्रमांकाच्या वर्गातल्या ६,०००हून अधिक वाफेच्या इंजिनांनी. डिझेल शंटर कोठारे, तळ आणि विमानतळ यांच्या कुंपणाआडच राहिले. मोठे डिझेल इंजिन सैन्याने अपवादानेच बनवून घेतले. क्रुप कंपनीची दोन भागांची डिझेल-विद्युत डी ३११ ही त्यांतली ठळक. जून १९४२ मध्ये सेवास्तोपोलवर डागलेली ८० सेंटिमीटर व्यासाची ‘डोरा’ तोफ वळणदार दुहेरी रुळांवर बोटभर पुढेमागे सरकवायची, तर तितकी हळू आणि नेमकी चाल विजेच्या मोटरींनीच मिळत असे. आमच्या इंजिनाचा डोराशी काडीचाही संबंध नाही. पाहुणे विचारतात, म्हणून लिहिले.

२४ फेब्रुवारी २०२४

आज रंगाचा छेद घेतला. चालकाच्या खोलीच्या डाव्या दाराखाली तळहाताएवढी जागा निवडून पॉलिश पेपरने पाण्यात भिजवत घासत गेलो, आणि झाडाच्या खोडातल्या वलयांसारखे थर उघडे पडले. सर्वांत वर आम्हाला इंजिन देणाऱ्या खडीच्या कारखान्याचा पिवळा, त्याखाली लाल, त्याखाली अधिक गडद लाल, मग पातळ हिरवट थर आणि सर्वांत खाली धुरकट करडा. करड्याच्याही खाली, लोखंडाला लागून, चमकदार शेंदरी रंग आहे. तो खरोखरच शेंदूर आहे. गावच्या मारुतीला तेलात कालवून जो लावतात, तोच शिशाचा लाल प्रकार जर्मन कारखाने गंजरोधक म्हणून लोखंडावर पहिला हात देताना वापरत. मारुतीच्या अंगावर थरावर थर साचतात आणि कधीतरी खोळ गळून आतली मूर्ती दिसते, ते मला राहून राहून आठवत होते. मात्र शिसे विषारी असल्यामुळे कोरडे घासणे, ठिणग्या उडवणारे ग्राइंडर आणि साधा कापडी मास्क या तिन्ही गोष्टींना शेडमध्ये बंदी घातली आहे. धूळ उडू द्यायची नाही, ओलेच खरवडायचे आणि खरवड वेगळ्या डब्यात ठेवायची.

सायलेन्सरभोवतीच्या दोरीसारख्या वेष्टनात ॲस्बेस्टॉस निघाले. ते परवानाधारक माणसांनी येऊन काढले. दोन दिवस शेड बंद होती.

१६ मार्च २०२४

या प्रकल्पात मला सर्वांत जास्त अडवणारी वस्तू आज हातात आली. ती म्हणजे निर्मात्याची पाटी. ती इंजिनावर नव्हतीच. खडीच्या कारखान्याने इंजिन देताना खोक्यात भरून दिलेल्या सटरफटर सामानात, जुन्या इंजेक्टरांच्या खाली सापडली. ओतीव पाटी, चार भोके, एक कोपरा तुटलेला. खोलीच्या भिंतीवरच्या भोकांशी ती तंतोतंत जुळली. फ्रेमवर ठोकलेला क्रमांक आणि पाटीवरचा क्रमांक एकच आहे, वर्ष १९४२.

पाटीवर मोठ्या अक्षरांत ‘माशिनेनबाउ उंड बानबेदार्फ’ असे नाव आहे आणि त्याखाली लहान अक्षरांत ‘पूर्वीची ओरेनश्टाइन उंड कोपेल’. बेनो ओरेनश्टाइन आणि आर्थर कोपेल या दोन ज्यू उद्योजकांनी १८७६ मध्ये बर्लिनमध्ये ही कंपनी काढली. शेतमळे, खाणी आणि डोंगरी गाड्या यांच्यासाठी छोट्या गेजची इंजिने आणि उचलून नेता येणारे रूळ ही तिची खासियत होती, आणि तिचा माल जगभर जात असे. नाझी राजवटीत ओरेनश्टाइन कुटुंबाला कंपनीतून हुसकावण्यात आले, त्यांचे शेअर बळजबरीने विकायला लावले, आणि १९४०च्या सुमारास कंपनीचे नावसुद्धा पुसून ‘यंत्रबांधणी आणि रेल्वेसाहित्य’ अशा अर्थाचे बिनचेहऱ्याचे नाव ठेवण्यात आले. पण गिऱ्हाइके जुन्याच नावाला ओळखत होती, म्हणून व्यवहारापुरते ‘पूर्वीची’ म्हणून ते पाटीवर राहू दिले. ज्यांची नावे नको होती, त्यांच्या नावावरच माल खपत होता.

मराठी माणसाला या नावाची वेगळी ओळख आहे. नेरळ–माथेरान गाडी १९०७ मध्ये सुरू झाली तेव्हा घाट चढणारी वाफेची इंजिने याच ओरेनश्टाइन उंड कोपेलची होती. आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने उभारलेल्या त्या दोन फुटी मार्गावरची वळणे इतकी अवघड होती की इंग्रज अभियंते एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांच्या आराखड्यानुसार या इंजिनांना आडवे सरकू शकणारे आस बसवले होते. त्यांतले एक इंजिन नेरळला जतन करून ठेवले आहे. लहानपणी मी त्याच्या पायरीवर बसून फोटो काढून घेतला होता आणि पाटीवरची अक्षरे बोटाने गिरवली होती. आज इथे, हजारो किलोमीटरवर, तेच नाव लहान अक्षरांत दडवलेले पाहिले आणि जेवणाची सुट्टी संपली तरी पाटी हातातच होती.

पाटी पॉलिश करायची नाही, असे मी वहीत लिहून त्याखाली रेघ मारली आहे. तुटलेला कोपरा भरायचा नाही.

१३ एप्रिल २०२४

हवेच्या बाटल्यांची पाण्याच्या दाबाने चाचणी झाली. दोन उत्तीर्ण झाल्या. तिसरीच्या तळाशी आतून गंजाचे खड्डे निघाले, म्हणून ती बाद केली. या मोटरीला बॅटरीवरचा स्टार्टर नाही. दाबाखालची हवा सिलिंडरांत सोडून तिला पहिले फेरे द्यावे लागतात, त्यामुळे बाटली रिकामी म्हणजे इंजिन मुके. आमचे वडीलधारे सहकारी १९७०च्या दशकात हीच इंजिने चालवत होते. ते सांगतात की नवशिक्याने दोनतीन फसलेल्या प्रयत्नांत हवा उडवून टाकली, की शेजारच्या इंजिनाकडून रबरी नळीने हवा उसनी मागायला जावे लागे आणि त्या दिवसाच्या कॉफीचे पैसे त्यालाच भरावे लागत.

२५ मे २०२४

ही नोंद माझ्या चुकीची आहे आणि ती पुढच्या माणसाच्या उपयोगी पडावी म्हणून स्पष्ट लिहितो.

इंधनपंपाचे सहाही भाग मी एप्रिलअखेर उघडले. प्रत्येक भागात एक प्लंजर, म्हणजे दट्ट्या, आणि तो ज्यात सरकतो ते नळीसारखे बॅरल असते. कारखान्यात ही जोडी एकमेकांत घासून इतकी नेमकी बसवलेली असते की मध्ये तेलाच्या पातळ पापुद्र्यापलीकडे काहीच राहत नाही, आणि म्हणूनच एका बॅरलचा प्लंजर दुसऱ्यात चालत नाही. हे मला माहीत होते. मी सहा ट्रे केले, चिठ्ठ्यांवर मार्करने क्रमांक घातले आणि भाग धुण्यासाठी डिझेलमध्ये ठेवले. मार्करची शाई डिझेलमध्ये विरघळते, हे मात्र लक्षात आले नाही. दुसऱ्या शनिवारी आलो तेव्हा सहा कोऱ्या चिठ्ठ्या तरंगत होत्या, आणि दरम्यान कुणीतरी जागा हवी म्हणून ट्रे एकावर एक रचून सगळे भाग एकाच परातीत काढून ठेवले होते.

जोड्या परत जुळवायला तीन शनिवार गेले. स्वच्छ डिझेलने ओला केलेला प्लंजर अर्धा बाहेर ओढून बॅरल तिरपे धरायचे. जोडी खरी असेल तर तो स्वतःच्या वजनाने, न अडखळता, सावकाश आत उतरतो. ढिला असेल तर पटकन पडतो, परका असेल तर मध्येच अडतो आणि जोर लावला तर कायमचा खराब होतो. सहा आणि सहा म्हणजे छत्तीस प्रयोग, आणि प्रत्येक प्रयोगाआधी धुणे आलेच. पाच जोड्या नि:शंक जुळल्या. सहावी उरलीसुरली म्हणून जुळली, पण तिच्याबद्दल मनात किंतु असल्याने ती चाचणीयंत्रावर दाबाखाली तपासून घेतली. ठीक निघाली. यापुढे पितळी पत्र्याचे ठोकलेले बिल्ले वापरायचे, चिठ्ठ्या नाहीत.

२२ जून २०२४

जॅकशाफ्ट बाहेर काढला. शंका खरी होती. डाव्या बेअरिंगमध्ये पाणी शिरून शाफ्टवर नखाला जाणवेल असा गंजाचा पट्टा उमटला होता. शाफ्ट घासून गोलाई साधली आणि त्या मापाने बेअरिंगमध्ये नवे व्हाइट मेटल (मऊ मिश्रधातू) ओतून घेतले. साइड रॉडचे बुश फीलर गेजने मोजले. उजवे चालण्यासारखे आहेत, डावे दोन बदलावे लागतील. डिझेल इंजिनाला साइड रॉड कशासाठी, असे वाटणे साहजिक आहे. पण तिन्ही आसांना एकाच शाफ्टवरून, एकसारखी आणि निसटणार नाही अशी ताकद पोचवण्याचा तो त्या काळचा सर्वांत भरवशाचा उपाय होता, आणि वाफेच्या इंजिनांवर आयुष्य घालवलेल्या कामगारांना त्याची देखभाल शिकवावी लागत नव्हती.

फॉइथची यंत्रणा आम्ही उघडली नाही. तेल बदलले, गाळणी पाहिली, धातूचा कीस सापडला नाही. तिची कल्पना हेरमान फ्योटिंगर यांची. श्टेटिनच्या जहाजबांधणी कारखान्यात असताना, झपाट्याने फिरणारी वाफेची टर्बाइन आणि संथ फिरणारा जहाजाचा पंखा यांची सांगड घालण्यासाठी त्यांनी १९०५ मध्ये ती मांडली. मोटर एक चाक फिरवते, ते चाक तेल फेकते, आणि त्या तेलाच्या जोराने दुसरे चाक फिरते. दोहोंमध्ये घर्षणाचा क्लच नाही की झिजणारा दाता नाही. निघताना जोर देणाऱ्या कन्व्हर्टरमध्ये तेल भरायचे, वेग आला की ते काढून कपलिंगमध्ये भरायचे, एवढाच गिअरचा बदल. जड वाघिणींची रांग हिसका न देता हलते ती यामुळेच, आणि दारूगोळ्याच्या वाघिणींच्या बाबतीत त्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. दिशा बदलण्याचा दांडा मात्र इंजिन पूर्ण थांबल्याशिवाय हलवायचा नाही. युद्धाच्या अखेरच्या दिवसांत, एप्रिल १९४५ मध्ये, फ्योटिंगर बर्लिनमध्ये तोफगोळ्याच्या ठिकरीने मरण पावले.

याच सांगाड्याची भारतीय भावंडेही आहेत. युद्ध संपल्यावर कीलच्या ज्या कारखान्यात नौदलाची जहाजे बनत, त्याची होल्माग ही कंपनी झाली आणि शिल्लक सुट्या भागांतून तिथे १९४७–४८ मध्ये याच वर्गाची आणखी इंजिने बांधली गेली. होल्मागचेच पुढे माक झाले. चित्तरंजनच्या कारखान्यात १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून बनलेल्या डब्ल्यूडीएस-४ या शंटरांत माकच्या आराखड्याचे डिझेल आणि भारतीय अभियंते मनमोहन सुरी यांची द्रवचालित यंत्रणा होती, आणि खाली जॅकशाफ्ट व साइड रॉड. शाळकरी वयात यार्डाच्या पुलावरून डिझेलला वाफेच्या इंजिनासारखे हातपाय कसे, म्हणून मी ज्याच्याकडे पाहत राहायचो, ते हेच.

१४ सप्टेंबर २०२४

रंगाची बैठक झाली आणि ती लांबली. एका बाजूचे म्हणणे असे की इंजिन सैन्याचे आहे, तेव्हा ते मूळ करड्या रंगातच दिसले पाहिजे. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की करडा रंग त्याच्या अंगावर जेमतेम तीन वर्षे होता, आणि पुढचे मोठे आयुष्य पश्चिम जर्मन रेल्वेत व्ही ३६ म्हणून, १९६८च्या नव्या क्रमांकपद्धतीत २३६ म्हणून, गडद लाल रंगात गेले. सैन्य नाहीसे झाले तेव्हा ही इंजिने जिथे उभी होती तिथल्या रेल्वेकडे गेली. पूर्व जर्मनी, ऑस्ट्रिया, फ्रान्स, इटली, सगळीकडे ती दिसत. पश्चिम जर्मनीत त्यांनी यार्ड तर सांभाळलेच, पण १९५०च्या दशकात फ्रँकफुर्टच्या आसपास प्रवासी गाड्याही ओढल्या आणि ढकलल्या. ढकलताना डब्यांवरून पुढचा मार्ग दिसावा म्हणून काहींच्या छतावर काचेची उंच खोली बसवली होती. व्ही ६० हा नवा शंटर १९५०च्या दशकाच्या मध्यापासून शेकड्यांनी आला तेव्हा कुठे त्यांचे काम कमी होत गेले. तरी काही इंजिने १९७०च्या दशकाअखेरपर्यंत टिकून होती.

मी लालच्या बाजूने बोललो. करडा रंग आला की लोक इंजिनापेक्षा गणवेश पाहायला येतात, हा अनुभव आम्हाला नवा नाही, आणि नाझी गरुडचिन्हासह फोटो मागणारे तर मला नकोच आहेत. पण करडा थर खोटा नाही, म्हणून दाराखालचा छेद न भरता त्यावर पारदर्शक लेप द्यावा असे सुचवले. पाटी तिच्या मूळ भोकांवर बसवावी आणि तिच्याशेजारी दोन्ही नावांची हकीकत लिहावी, हेही मांडले. मतदान झाले. लाल सात, करडा चार. छेद आणि पाटी यांवर कुणाचाच विरोध नव्हता.

१९ ऑक्टोबर २०२४

जॅकशाफ्ट बसला, साइड रॉड चढले. दोन्ही बाजूंच्या क्रँकमध्ये काटकोन असावा लागतो, म्हणजे एक बाजू अडकण्याच्या स्थितीत असली तरी दुसरी ढकलते. मोजून पाहिले, ठीक आहे. पावसाने रंगकाम रखडले.

३० नोव्हेंबर २०२४

सकाळी आठला सुरुवात. सिलिंडरचे कॉक, म्हणजे छोटे नळ, उघडून फ्लायव्हीलला कांब लावून मोटर हाताने दोन पूर्ण फेरे फिरवली. एखाद्या सिलिंडरमध्ये पाणी उतरले असेल तर ते तोंडावर उडते. चौथ्यातून थोडा तेलाचा फवारा आला, पाणी नाही. हातपंपाने बेअरिंगपर्यंत तेल पोचवले. कॉक बंद. बाटल्या भरलेल्या.

पहिल्या प्रयत्नात मोटर तीन-चार फेरे घेऊन सुस्कारा टाकत थांबली. वडीलधाऱ्यांनी माझ्याकडे पाहिले, मी कॉफीच्या डब्याकडे पाहिले. त्यांनी इंधनाचा दांडा थोडा मागे घेतला, दोन मिनिटे थांबायला लावले आणि मग हवा सोडण्याची खूण केली. दुसऱ्या प्रयत्नात पहिल्या सिलिंडरचा ठोका पडला, मग तिसऱ्याचा, मग एकदम सगळ्यांचा. पांढऱ्या धुराने शेड भरली, तेलदाबाचा काटा उचलला गेला आणि खिडक्यांची तावदाने थरथरू लागली. पूर्ण वेगात सहा सिलिंडरांचे मिळून सेकंदाला ३० ठोके पडतात, पण हळू चालताना प्रत्येक ठोका वेगळा ऐकू येतो. त्यांनी डोळे मिटून ऐकले आणि पाचवा किंचित उशिरा आहे, असे सांगितले. पाचव्या सिलिंडरवर ती सहावी, उरलीसुरली जोडी बसवलेली आहे.

चाळीस मिनिटे चालवून बंद केले. उरलेली कामे: पाचव्या पंपाची वेळ पुन्हा लावणे, पाण्याच्या पंपाचे ग्लँड आवळणे, जॅकशाफ्टच्या डाव्या सीलमधून मिनिटाला चार थेंब तेल गळते, त्याखाली डबा ठेवला आहे, जानेवारीत सील बदलायचे. जाण्यापूर्वी रेडिएटरमधले पाणी सोडले. आज रात्री उणे सहाचा अंदाज आहे.